रुजवणारा शिक्षक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा आम्ही जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची निवड केली. हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाने ते घराघरांत पोहोचवले आहे आणि आपल्या ग्रंथालयातील त्याच्या प्रती विद्यार्थ्यांच्या हाताळण्याने जीर्ण झाल्या आहेत. म्हणून कार्व्हर यांची सगळी जीवनकथा पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ, ही त्यांची रूढ प्रतिमा. या प्रतिमेमुळे त्यांचे मूळ काम काहीसे झाकले गेले आहे. ते काम बी रुजवण्याचे आणि इतरांना बी रुजवायला शिकवण्याचे होते. त्याचीच ओळख माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बी रुजणे ही आपल्या स्वयंपाकघरात नेहमी घडणारी गोष्ट आहे. मटकी रात्रभर भिजवून, सकाळी उपसून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवली की तिला मोड येतात. पाणी नीट निथळले नाही तर ती आंबते. फडके कोरडे पडले तर मोड खुंटतो. थंडीच्या दिवसांत तेच काम दुप्पट वेळ घेते. दाणा तोच असतो, परंतु ओल, हवा आणि ऊब यांचा मेळ बसला तरच तो रुजतो. बौद्ध परंपरेतील शालिस्तंब सूत्रात प्रतीत्यसमुत्पाद समजावताना हाच दाखला घेतला आहे. बीजापासून अंकुर, अंकुरापासून पान असा क्रम सांगून तेथे प्रतिपादन केले आहे की, पृथ्वी, जल, उष्णता, वायू, आकाश आणि ऋतू यांची साथ मिळाल्याखेरीज बीज अंकुरत नाही. बीज हा हेतू आणि बाकीचे प्रत्यय. कार्व्हर हे श्रद्धावान ख्रिस्ती होते, त्यांचा मार्ग वेगळा होता. तथापि त्यांचे आयुष्य वाचताना आम्हांस या दाखल्याचे स्मरण वारंवार होते.

गुलामाघरचे मूल

अमेरिकेतील मिसुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह नावाच्या वस्तीजवळ मोझेस आणि सुसान कार्व्हर या गोऱ्या दांपत्याची शेती होती. १८५५ साली मोझेस कार्व्हर यांनी मेरी नावाची एक गुलाम मुलगी ७०० डॉलरला विकत घेतली. याच मेरीच्या पोटी १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. गुलामांच्या मुलांच्या जन्मतारखा लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नसे, त्यामुळे त्यांची जन्मतारीख इतिहासाला ठाऊक नाही. वडील शेजारच्या शेतावरचे गुलाम होते. लाकडे वाहून नेताना झालेल्या अपघातात ते मरण पावले. जॉर्ज तान्हा असतानाच गुलाम पळवणाऱ्या टोळीने त्याला आणि मेरीला उचलून नेले. मोझेस कार्व्हर यांनी शोधासाठी माणूस धाडला. त्याने मरणोन्मुख अवस्थेतील मूल तेवढे परत आणले आणि त्याच्या मोबदल्यात एक घोडा दिला गेला, असे सांगतात. आई पुन्हा कधीही दिसली नाही.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना कार्व्हर दांपत्याने आपल्याच घरी वाढवले. डांग्या खोकल्याने जॉर्जची प्रकृती कायमची नाजूक झाली होती. नांगर, कुऱ्हाड त्याला झेपत नसे, म्हणून तो घरात सुसानबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम शिकला. उरलेला वेळ तो रानात काढी. घराजवळच्या झुडपांत त्याने कोणाला न सांगता एक छोटी बाग केली होती. कष्टकऱ्याच्या घरात फुलझाडांवर वेळ घालवणे हा वेडगळपणा समजला जाई, म्हणून ती बाग लपवावी लागली. रानातली रोपे मुळांसकट आणून तेथे लावायची, कोणते रोप सावलीत जगते, कोणते उन्हात, कोणत्याला किती ओल लागते हे पाहायचे, असा त्याचा उद्योग असे. लवकरच शेजारीपाजारी आपली सुकत चाललेली झाडे त्याच्याकडे आणू लागले आणि तो झाडांचा डॉक्टर म्हणून ओळखला जाऊ लागला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या वर्षी जॉर्ज आठ-नऊ वर्षांचा असावा. पुण्याहून ज्या मुक्तीचे अभिनंदन झाले, त्या मुक्तीत जन्मलेल्या पहिल्या पिढीचा हा मुलगा होता. तो मुक्त होता, परंतु गावातील शाळा त्याच्यासाठी बंद होती.

शाळेच्या शोधात

आठ-दहा मैलांवरच्या निओशो गावी काळ्या मुलांची एक शाळा होती. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी जॉर्ज एकटा चालत तेथे गेला. शाळेला लागूनच मरायाह आणि अँड्र्यू वॉटकिन्स हे निपुत्रिक काळे दांपत्य राहत असे. मरायाहबाई सुईणपण करीत आणि लोकांचे कपडे धूत. त्यांनी मुलाला घरात घेतले. तोवर तो कार्व्हरांचा जॉर्ज म्हणून ओळखला जाई, जणू कार्व्हरांच्या मालकीची वस्तू. यापुढे जॉर्ज कार्व्हर असे स्वतःचे नाव सांगायचे, हे या बाईंनी त्याला शिकवले. मधल्या सुट्टीत कुंपण ओलांडून यायचे, कपडे घासायचे, पुस्तक समोर ठेवून वाचायचे आणि घंटा होताच परत वर्गात जायचे, असा त्याचा क्रम होता. औषधी वनस्पतींचे ज्ञानही त्याला मरायाहबाईंकडूनच मिळाले.

निओशोची शाळा लवकरच अपुरी पडली आणि कॅन्सस राज्यातील गावोगाव भटकंती सुरू झाली. १८७९ साली फोर्ट स्कॉट येथे एका काळ्या माणसाला जमावाने तुरुंगातून ओढून काढून ठार केल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि ते गाव तत्काळ सोडले. धुणे धुऊन, स्वयंपाक करून त्याने माध्यमिक शिक्षण पुरे केले. पुढे हायलँड येथील महाविद्यालयाने टपालाने आलेला अर्ज पाहून त्याला प्रवेश दिला, मात्र तो दारात उभा राहताच त्याचा वर्ण पाहून प्रवेश नाकारला. अर्जावरील अक्षर आणि गुण तेच होते. दिसला तो फक्त रंग.

या आघातानंतर १८८६ साली कार्व्हर कॅन्ससच्या पश्चिमेकडील उजाड गवताळ प्रदेशात गेले. तेथे सरकारी योजनेखाली १६० एकरांचा दावा नोंदवून, मातीच्या ढेपा कापून त्यांनी स्वतःचे घर उभारले. तेथेही त्यांनी झाडांचा संग्रह सांभाळला. पाऊस कमी, वारा बोचरा, झाडोरा जवळजवळ नाही, अशा जमिनीवर पेरणी करून काही वर्षांनी ते आयोवा राज्यात गेले. १८९० साली सिम्पसन महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. कपडे धुऊन ते आपला खर्च भागवीत. विषय होता चित्रकला. त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आले की, हा विद्यार्थी झाडांची चित्रे काढतो आणि त्याला त्या झाडांचे अंतरंगही ठाऊक आहे. काळ्या माणसाला चित्रकलेवर पोट भरता येणार नाही, हेही त्यांना दिसत होते. एम्स येथील राज्य कृषी महाविद्यालयात त्यांचे वडील उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांनी कार्व्हर यांना तेथे जाण्यास प्रवृत्त केले.

१८९१ साली कार्व्हर एम्सच्या महाविद्यालयातील पहिले काळे विद्यार्थी झाले. आरंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू दिले गेले नाही, तळघरात नोकरांबरोबर जेवावे लागले. पंक्तीभेद म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु याच महाविद्यालयात त्यांना लुई पॅमेल यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे गुरू लाभले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या युक्का आणि निवडुंगाच्या चित्राला सन्माननीय उल्लेख मिळाला. १८९४ साली ते पदवीधर झाले, १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतली. महाविद्यालयाने त्यांना अध्यापक नेमून हरितगृहाचे काम सोपवले. वनस्पतींवरील बुरशी हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय झाला. ओल अधिक आणि हवा कमी झाली की कोवळे रोप मुळाशी कुजते, या नित्याच्या अनुभवामागे कोणते सूक्ष्म जीव असतात, याचा शास्त्रीय अभ्यास त्यांनी येथे केला.

टस्कीगीची झिजलेली जमीन

अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली काळ्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था स्थापन केली होती. १८९६ साली त्यांनी कार्व्हर यांना कृषी विभागाचे प्रमुखपद देऊ केले. वर्षाला १,००० डॉलर पगार होता. आयोवातील स्थिर नोकरी, प्रयोगशाळा आणि पुढील संशोधनाची संधी सोडून कार्व्हर तेथे गेले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत सुमारे ४७ वर्षे तेथेच राहिले.

तेथे प्रयोगशाळा नव्हती. कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, जुन्या बरण्या, दिवे, तारा, डबे गोळा करून त्यांतून उपकरणे तयार केली. प्रयोगासाठी मिळालेली जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन निःसत्त्व झालेली आणि पावसाने धुपलेली होती. अलाबामातील बहुतेक काळ्या शेतकऱ्यांची स्थिती याच जमिनीसारखी होती. गुलामगिरी संपली तरी जमीन गोऱ्यांकडेच राहिली. मुक्त झालेला शेतकरी ती वाट्याने कसायचा, बी आणि किराणा मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचा आणि हंगामाअखेर हिशेबात पुन्हा कर्जदार ठरायचा. कापूस झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावला जाई, भाजीसाठी वाफाभर जागा ठेवलेली नसे. मक्याचे पीठ, खारवलेल्या डुकराच्या मांसाची चरबी आणि काकवी एवढ्यावर कुटुंबे जगत. अशा आहारामुळे पेलाग्रा नावाचा रोग त्या प्रदेशात घर करून होता.

कार्व्हर यांनी दोन उपाय धरले. पहिला उपाय चवळी, भुईमूग यांसारख्या शेंगवर्गीय पिकांचा. या पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधून ठेवतात. विकतचे खत ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हे फुकटचे खत होते. त्याला त्यांनी पालापाचोळा आणि दलदलीतील काळ्या गाळाची जोड दिली. दुसरा उपाय घराजवळच्या भाजीच्या बागेचा. दर महिन्याला शेतकऱ्यांचे मेळावे भरवले जात. तेथे चर्चा होई, पिके पाहिली जात आणि बागेच्या बियांची पाकिटे वाटली जात. जे शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी १९०६ साली एक फिरती शाळा सुरू झाली. घोडागाडीवर अवजारे, बियाणे, दूध घुसळण्याची साधने लादून ती गावोगाव जाई. तिला आर्थिक साहाय्य करणाऱ्या दात्याच्या नावावरून तिचे नाव जेसप गाडी असे पडले.

टस्कीगीतून कार्व्हर यांनी चाळीसहून अधिक पुस्तिका काढल्या. पीक कसे घ्यावे हे शेतकऱ्याला, त्यामागचे शास्त्र शिक्षकाला आणि त्याचे पदार्थ कसे करावेत हे गृहिणीला सांगायचे, अशी त्यांची योजना असे. त्यांची १९१६ सालची भुईमुगाच्या लागवडीची आणि १०५ पाककृतींची पुस्तिका प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र १९१० सालची एक पुस्तिका अधिक महत्त्वाची वाटते. ती ग्रामीण शाळांसाठी असून तिचा विषय निसर्गाचा अभ्यास आणि बागकाम हा आहे. ज्याला लहानपणी आपली बाग लपवावी लागली, त्याने मोठेपणी शाळेच्या अंगणात उघड्यावर बाग आणली.

एक वाद

इतिहासाच्या अभ्यासकाने चरित्रनायकाची उणी बाजूही पाहिली पाहिजे. कार्व्हर यांच्याविषयी दोन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप त्यांच्या कीर्तीसंबंधी आहे. शेंगदाण्यापासून ३०० हून अधिक आणि रताळ्यापासून १०० हून अधिक वस्तू त्यांनी शोधल्याचे सांगितले जाते. यांतील फारच थोड्या बाजारात टिकल्या, काही पूर्वीच ठाऊक होत्या, आणि त्यांच्या नावे एकंदर तीनच पेटंटे आहेत. १९२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्यांनी भुईमुगाची बाजू मांडली. ठरवून दिलेली दहा मिनिटे सदस्यांनी स्वतःहून वाढवली. तेव्हापासून वृत्तपत्रांनी त्यांना जादूगार बनवले. या जादूगाराच्या कथेत शेतकऱ्यांसाठी पायी हिंडणारा शिक्षक मागे पडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांचा भर हाताच्या कौशल्यावर होता, राजकीय हक्कांची मागणी त्यांनी मागे ठेवली. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ साली त्यावर कठोर टीका केली. उच्च शिक्षण आणि नागरी हक्क यांवाचून कौशल्य म्हणजे सुधारलेली चाकरी, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. कार्व्हर यांनीही वर्णभेदाविरुद्ध जाहीरपणे फारसा आवाज उठवला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हा वाद ताजा होता. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. बाबासाहेबांच्या विचारांत वाढलेल्या आम्हांस या वादात द्यु बॉइस यांचा पक्ष बरोबर वाटतो. हक्क मागूनच मिळवावे लागतात. उत्तम भाजी पिकवणाऱ्या हातांनाही मताचा अधिकार आपोआप मिळत नाही.

मग कार्व्हर यांचे चरित्र आम्ही आपल्या मुलांपुढे का ठेवावे? आपल्या पूर्वजांना गावाची वेठ करावी लागली. त्यामुळे मातीत हात घालणे आपल्यातील अनेकांना अपमानाचे चिन्ह वाटते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते जमिनीसाठीच. दुसऱ्याच्या मातीत सक्तीने राबणे आणि स्वतःच्या वाफ्यात समजून-उमजून बी टाकणे यांत दास्य आणि स्वातंत्र्य यांइतके अंतर आहे. कार्व्हर आपल्या लोकांना या दुसऱ्या गोष्टीसाठी तयार करीत होते. उधारीच्या किराण्यातून एक वाफाभर भाजी तरी मोकळी करावी, ही त्यांची धडपड होती. तिची मर्यादा मान्य करूनही तिचे मोल कमी होत नाही.

घरी बी रुजवताना

कार्व्हर यांचे स्मरण करावयाचे, तर ते त्यांच्या पद्धतीने करावे. फुटकी बादली, दुधाची रिकामी पिशवी, नारळाची करवंटी यांतून बाग सुरू होऊ शकते. तळाला भोके मात्र हवीत. साचलेले पाणी हवा कोंडते आणि हवा कोंडली की बी कुजते.

प्रथम बियाची परीक्षा घ्यावी. घरचे किंवा जुने बी असेल तर दहा-वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी किती रुजले ते मोजावे. आपल्याकडील शेतकरी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून हीच चाचणी करतात. ७० दाणे उगवले तर बियाणे पेरण्याजोगे मानतात. निम्मेच रुजले तर बी थोडे दाट टाकावे, अगदीच थोडे रुजले तर दुसरे आणावे.

कारले, दोडका, दुधी यांचे कवच कठीण असते. ते रात्रभर भिजवून लावावे, मात्र दिवसेंदिवस पाण्यात ठेवू नये. धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात. भुईमुगाच्या शेंगा पेरणीच्या वेळीच फोडाव्यात आणि दाण्यावरची लाल साल शाबूत राहील असे पाहावे. फुटलेला किंवा सोललेला दाणा रुजण्यापूर्वीच कुजण्याची भीती असते.

बी किती खोल पेरावे, हे बियाच्या जाडीवरून ठरते. जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी, हा साधारण नियम. मेथी, टोमॅटो, वांगी, मिरची यांवर चाळलेल्या मातीचा व शेणखताचा पातळ थर पुरतो. वाल, पावटा, भुईमूग बोटाच्या पहिल्या पेराएवढे खोल जाऊ शकतात. फार खोल गेलेल्या बियाची शिदोरी वाटेतच संपते आणि कोंब वर येत नाही.

पाणी झारीने किंवा हाताने शिंपडून द्यावे. धारेने घातले तर बी उघडे पडते. बोट मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या वेळचे पाणी टाळावे. थंडीत टोमॅटो, मिरची, भुईमूग सावकाश उगवतात, त्यांना उबेची जागा द्यावी. मेथी तीन-चार दिवसांत दिसते, टोमॅटो आठवड्याभरात, कोथिंबीर आणि मिरची आठ-दहा दिवस किंवा अधिकही घेतात. मधेच उकरून पाहू नये, त्याने नाजूक मूळ तुटते. बहुतेक भाज्यांच्या बियांना रुजेपर्यंत उजेड लागत नाही, परंतु कोंब वर आला की त्याला उन्हात आणावे. नाही तर रोप पिवळट आणि लांबुडके होऊन आडवे पडते.

अखेरचे दिवस

कार्व्हर यांनी लग्न केले नाही. ते संस्थेच्या वसतिगृहातील खोलीत राहत. कोट जुना, पण त्यावर रोज ताजे फूल असे. १९२३ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना स्पिंगार्न पदक दिले. १९४० साली त्यांनी संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि आयुष्यभराची मिळकत, मृत्यूनंतरची धरून सुमारे ६०,००० डॉलर, त्याला दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. टस्कीगीतच बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी डायमंड येथील त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. काळ्या माणसाच्या नावाचे ते अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय स्मारक होय. ज्या शेतावर एका मुलीला ७०० डॉलरला आणले होते, ते शेत आता तिच्या मुलाच्या नावाने ओळखले जाते.

या चरित्राचा आमच्या मते एकच अर्थ आहे. जन्मावर आधारलेली व्यवस्था, तिकडची असो वा इकडची, सगळे काही बीजावर ठरवते. कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच ती विचारते. प्रत्येक माळ्याला मात्र ठाऊक असते की, न उगवलेल्या बियाला दोष देण्यापूर्वी ओल, हवा, ऊब आणि खोली तपासायची असते. हायलँडच्या दारातून परतवलेला तरुण आणि एम्सचा अध्यापक हे एकच बीज होते. मधे मरायाह वॉटकिन्स, एटा बड, लुई पॅमेल यांच्या रूपाने प्रत्यय मिळाले, एवढाच फरक. हा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगितले पाहिजे. न रुजणारे बी टाकून देऊन दुसरे आणता येते. मुलाच्या बाबतीत तसा अधिकार कोणालाही नाही.

आपल्या वसतिगृहात ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले येतात. दर जूनमध्ये प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुले असतात की, जी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, तेव्हा यातच काही लागत नाही, असे म्हणून पालक त्यांना सोबत घेऊन जाऊ पाहतात. मेथी तीन दिवसांत उगवते आणि मिरचीला दहा दिवस लागतात, म्हणून मिरचीचा वाफा कोणी मोडत नाही. पालकांना आमची विनंती आहे की, त्यांनी निदान हे वर्ष पुरे होऊ द्यावे. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, सुट्टीत गावी जाताना वाटेत शाळेत उतरावे, एखाद्या अबोल मुलाशेजारी बसावे, त्याचे नाव विचारावे. मरायाहबाईंनीही आरंभ नावापासूनच केला होता. शिक्षकांनी काय तपासायचे, ते वर आलेच आहे.

येत्या पावसाळ्यात शाळेच्या अंगणातील वाफे पुन्हा तयार होतील. प्रत्येक मुलाने घरून एक मूठ बी आणावे. वालाचे, कारल्याचे, भुईमुगाचे, जे घरात असेल ते चालेल.